वेदनेचा साक्षी

काही दुखणी घरातल्या सर्वांना दिसतात आणि काही ज्याची त्यालाच ठाऊक असतात. पाय मोडला तर प्लास्टर दिसते, ताप आला तर कपाळाला हात लावून कळतो. परंतु जेवणानंतर छातीच्या मध्यभागी उठणारी आग, मध्यरात्री घशाशी येणारे आंबट पाणी, बरगड्यांखाली आज इथे तर उद्या तिथे टोचणारी कळ ही शेजारी झोपलेल्या माणसालाही दिसत नाहीत. आपल्या समाजात या दुखण्याला कोणी पित्त म्हणतात, कोणी ॲसिडिटी, कोणी नुसते गॅस. नाव असे साधे असल्यामुळे त्याची कीवही फारशी कोणी करीत नाही. आणि जेव्हा असे दुखणे पाच-सात वर्षे चालते, तेव्हा त्याची खरी परीक्षा रोग्याइतकीच त्याच्या जोडीदाराची होते. या अंकात त्या परीक्षेचा विचार करू.

पाळी, वेळगे, कोठंबी या डिचोली तालुक्यातील गावांत असे घर शोधायला लांब जावे लागणार नाही. पत्नीला रात्री झोप नाही; पहाटे ती उठून बसते. पती तिला घेऊन आधी साखळीच्या आरोग्य केंद्रात जातो, मग बस बदलत पणजीमार्गे बांबोळीच्या गोमेकॉत जातो. रक्त तपासले जाते, सोनोग्राफी होते, दुर्बीण घालून अन्ननलिका व जठर पाहिले जाते. कागद हाती येतो आणि त्यावर सर्व ठीक असल्याचे लिहिलेले असते. वास्तविक ही आनंदाची वार्ता. पण घरी परतताना दोघेही गप्प असतात. तिला वाटते, आता माझे कोणी खरे मानणार नाही. त्याला वाटते, मग हिला दुखते तरी काय? हा दुसरा प्रश्न तो मोठ्याने विचारीत नाही. परंतु न विचारलेला प्रश्नही घरात वावरतो. तो आवाजातून, उसाशातून, ‘आज पुन्हा?’ या दोन शब्दांतून बाहेर पडतोच. पती आजारी आणि पत्नी सेवा करणारी असली तरी गोष्ट हीच.

येथे नीतीचा खरा प्रश्न उभा राहतो. जे मला दिसत नाही, कोणत्याही यंत्राला दिसत नाही, त्यावर मी विश्वास का ठेवावा? केवळ प्रेम आहे म्हणून ठेवावा, असे उत्तर पुरेसे नाही. प्रेमाने ठेवलेला पण बुद्धीला न पटलेला विश्वास दोन-तीन वर्षांत झिजतो. म्हणून तो विश्वास सत्यावर उभा आहे की नाही, हे पाहिले पाहिजे.

न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधने सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. ज्याला दुखते त्याला आपली वेदना प्रत्यक्ष असते. ती त्याच्या मनालाच कळते, कोणत्याही बाह्य इंद्रियाला नाही. दुसऱ्याची वेदना कोणालाही प्रत्यक्ष होऊ शकत नाही. चेहरा पाहून तिचे अनुमान करता येते, पण वर्षानुवर्षे सोसणारा माणूस चेहऱ्यावर काही न दाखविण्यास शिकलेला असतो, त्यामुळे तेही चुकते. मग उरते शब्दप्रमाण, म्हणजे आप्ताचे वाक्य. जो जाणतो आणि जसे जाणतो तसेच सांगतो, तो आप्त. गंमत अशी की, शास्त्रात विश्वासार्ह पुरुषाला दिलेला हाच शब्द आपल्या मराठीत नात्याच्या माणसाला लागला. आप्तेष्ट, आप्तस्वकीय असे आपण सहज म्हणतो. जणू आपल्या भाषेने गृहीतच धरले आहे की, जो नात्याचा तो सत्य सांगणारा आणि त्याचे आपण सत्य मानणारे. लग्न लागताना आपण एकमेकांचे आप्त होतो. ‘मला दुखते’ हे वाक्य नाकारणे म्हणजे त्या नात्याची पहिली अट मोडणे होय. शरणांनी तर ऐकीव ज्ञानापेक्षा स्वतःच्या अनुभवाला मोठे मानले आणि आपल्या सभेला अनुभवमंटप असे नाव दिले. ज्याचा अनुभव त्याचे बोलणे ऐकावे, ही त्या सभेची रीत होती. ती आपल्या माजघरात का नसावी?

कोणी म्हणेल, हे शास्त्र ठीक. पण वैद्यक काय म्हणते? वैद्यकही हेच म्हणते. अम्लपित्त हा आजकालच्या नाजूक माणसांचा शोध नव्हे. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास झालेल्या माधवकराने आपल्या निदानग्रंथात अम्लपित्ताला स्वतंत्र स्थान दिले, आंबट-कडू ढेकर आणि छाती व घशातील दाह यांची नोंद केली, आणि अन्नाच्या पचनाशी बांधलेल्या शूलांचे वेगळे वर्णन केले. आजचे डॉक्टर सांगतात की, अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंचे एक वळे असते. ते अवेळी सैल पडले की जठरातील आम्ल वर चढते. परंतु ज्यांना अशी जळजळ होते त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या अन्ननलिकेत दुर्बिणीला कसलीही जखम आढळत नाही. काहींच्या बाबतीत तेथील मज्जातंतूच इतके हळवे झालेले असतात की, इतरांना न जाणवणारे थोडेसे आम्लही त्यांना निखाऱ्यासारखे भाजते. म्हणजे कागदावरील ‘ठीक’ या शब्दाचा अर्थ ‘जखम दिसली नाही’ एवढाच. ‘वेदना नाही’ असा अर्थ त्यातून निघत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली ऊतींना इजा नसतानाही मज्जासंस्थेच्या बदललेल्या वागण्यामुळे होणाऱ्या वेदनेला वेगळे नाव दिले, आणि २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारताना माणसाने आपल्या वेदनेविषयी जे सांगितले त्याचा आदर राखावा, असे स्पष्ट नमूद केले.

कारण सापडत नाही म्हणजे कारण नाहीच, असे मानणाऱ्यांना जठरातील व्रणाची कथा सांगावीशी वाटते. अनेक दशके या व्रणाचा दोष काळजीला, तिखटाला आणि रोग्याच्या स्वभावाला दिला जात असे. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या दोन डॉक्टरांनी १९८०च्या दशकात दाखविले की, बहुतेक व्रणांच्या मुळाशी एक जंतू आहे. लोक मानीनात, तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली ते जंतू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर किती रोग्यांना ‘तू फार विचार करतोस म्हणून तुला दुखते’ असे ऐकावे लागले असेल!

आपल्या भागात याचा एक वेगळा प्रकार आहे. खाणी २०१२ साली बंद पडल्या, पुन्हा सुरू होऊन २०१८ साली पुन्हा थांबल्या. ट्रकांवर संसार चालविणाऱ्या घरांना मोठा धक्का बसला. अशा काळात कोणाचे पोट बिघडले की, ‘कर्जाच्या काळजीने झाले’ असे म्हणून विषय संपविला जातो. काळजीने वेदना तीव्र होते हे खरे आहे. पण तीव्र होणे म्हणजे खोटी असणे नव्हे. शिवाय ‘काळजी करू नकोस’ असे म्हटल्याने आजवर कोणाची काळजी गेली आहे? दुसरा प्रकार याहून घातक. डॉक्टरांना कारण सापडले नाही म्हणून घाड्याकडे कौल लावायला जायचे. कौलात कारण हमखास सापडते, आणि ते बहुधा भावकीत किंवा शेजारच्या घरात सापडते. दुखणे जेथल्या तेथे राहते. दोन घरांचे बोलणे मात्र बंद होते. कारण ठाऊक नसण्याची अस्वस्थता सोसणे हा देखील सेवेचाच एक भाग आहे. ती सोसता न आल्यामुळे माणसे खोटी कारणे विकत घेतात.

आता एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. अनेक सज्जन विचारतात, ‘स्वामीजी, प्रत्येक दुखण्याला मान देत राहिलो तर दुखणे वाढणार नाही काय? माणूस त्यातच रमेल.’ या बोलण्यात तथ्य आहे. घरातील सर्वांचे लक्ष अष्टौप्रहर एकाच्या पोटाकडे लागले, तर त्याचेही लक्ष तेथून हलत नाही. परंतु उपाय अविश्वास हा नव्हे. ज्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवला जात नाही, त्याला आपली वेदना पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते. आणि सिद्ध करण्यासाठी ती सतत हाताशी ठेवावी लागते. ज्याचे एकदा मनापासून मानले गेले, तोच तिला बाजूला ठेवून दुसरे काही बोलू शकतो. म्हणून मानावे, आणि मानल्यावर दर तासाला ‘आता कसे वाटते?’ असे विचारू नये.

मग करावे काय? चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. सेवा करणाऱ्याला त्यांनी वैद्याच्या पंक्तीला बसविले, आणि त्याचे चार गुण सांगितले: उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता. अनुराग हा चारांपैकी एक आहे, हे ध्यानात घ्यावे. नुसते प्रेम पुरत नाही, ज्ञानही लागते.

ज्ञान म्हणजे काय ते सांगतो. रात्रीचे जेवण निजण्याच्या तीन तास आधी व्हावे, तर जोडीदाराने स्वतःचीही वेळ बदलावी. एकट्याला सात वाजता ताट वाढून आपण साडेनऊला चमचमीत जेवू नये. खाटेच्या डोक्याकडील पायांखाली वीतभर उंचीचे ठोकळे ठेवावेत. उशांवर उशा रचल्याने पोट दुमडते आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर निजणे बरे. आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या बहुधा जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावयाच्या असतात. डॉक्टरांनी सांगितलेली ती वेळ सांभाळण्यास मदत करावी. अंगदुखीसाठी फार्मसीतून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांपैकी अनेक जठराला इजा करतात. एक दुखणे शमवायला जावे आणि दुसरे भडकावे असे होते. म्हणून दोन्ही दुखणी एकाच डॉक्टरांना सांगावीत. कधी डॉक्टर वेदनेसाठी अल्प मात्रेत असे औषध देतात की, जे मोठ्या मात्रेत मनाच्या विकारांवर वापरले जाते. चिठ्ठी वाचून ‘हे वेड्याचे औषध’ असे घरात कोणी म्हणू नये. मज्जातंतूंचा हळवेपणा कमी करण्यासाठीच ते असते. आणि काही खुणा कधीही पित्त म्हणून सोडून देऊ नयेत: घास अडकणे, वजन घटत जाणे, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच. छातीतील कळ हात-जबड्याकडे जाऊन घाम फुटला तर जिरेपाणी देत न बसता तत्काळ दवाखाना गाठावा. ती कळ हृदयाचीही असू शकते.

दक्षता म्हणजे नीट पाहणे. एकाला सोलकढी मानवते, दुसऱ्याला त्याच सोलकढीने जळजळते. एकाला सकाळची उकड्या तांदळाची पेज किंवा नाचणीचे तिजान निववते. दुसऱ्याला उपाशीपोटी घेतलेला चहा दिवसभर छळतो. कोणाला काय बाधते हे पुस्तक सांगू शकत नाही. वहीत तारीखवार लिहून ठेवले तर महिन्याभरात कळते. चार्ल्स डार्विन या प्रख्यात निसर्गशास्त्रज्ञाला सुमारे चाळीस वर्षे पोटदुखी, उलट्या आणि वायूचा त्रास होता. त्याने १८४९ ते १८५५ पर्यंत आपल्या प्रकृतीची रोजनिशी ठेवली. अनेक वैद्य झाले, जलचिकित्सा झाली. नेमका रोग कोणता याचा वाद अभ्यासकांत आजही मिटलेला नाही. १८३९ साली त्याच्याशी विवाह केलेल्या एमाने १८८२ साली त्याचा मृत्यू होईतो हे सर्व सांभाळले. ती त्याला वाचून दाखवी, पियानो वाजवी, संध्याकाळी दोघे फाशांचा खेळ खेळत. तिच्या सेवेत औषधाइतकीच जागा खेळाला होती. दुखण्याशिवायचे असे काहीतरी रोज दोघांमध्ये घडले पाहिजे. नाहीतर पती-पत्नी उरत नाहीत, रोगी आणि परिचारक एवढेच उरतात.

शुचिता अंगाची, भांड्यांची तशी वाणीचीही. ‘तुझ्यामुळे लग्नाला जाता आले नाही’ हे वाक्य खरे असले तरी अस्वच्छ आहे. नातेवाइकांसमोर जोडीदाराच्या दुखण्याची थट्टा होऊ लागली की हसण्यात सामील न होणे, एवढीही मोठी सेवा आहे. दासोहाच्या पंक्तीत कोणी तिखट आमटी नको म्हणाला तर आग्रह करू नये. प्रसाद कणभर घेतला तरी तो प्रसादच आहे. आमच्या मठांच्या स्वयंपाकघरातही एक सौम्य पदार्थ नेहमी असावा, असे आम्हांस वाटते.

येथे पतींना दोन शब्द स्पष्टपणे सांगणे भाग आहे. पुरुषाचे पोट दुखले तर घर हलते. स्त्रीचे दुखले तर ती कुळथाची कढी उतरवून मग बसते. ती सर्वांच्या शेवटी, दुपारी अडीच-तीनला जेवते, आणि आपण तिला विचारतो की तुला पित्त का होते! शरणमार्गात इष्टलिंग पतीच्या अंगावर आहे तसेच पत्नीच्याही अंगावर आहे. लिंग हाच पती आणि शरण मात्र सती, या भावापुढे नवरा-बायको दोघेही सारखेच. मग एकीच्या देहाची वेदना हलकी आणि दुसऱ्याची भारी कशी? ज्या देहाला आपण देवालय मानतो, त्या देवालयाच्या गाभाऱ्यात आग लागली असता पुरावा मागत दारात उभे राहणे भक्ताला शोभत नाही.

चरकांनी रोग्याचेही गुण सांगितले आहेत, आणि त्यांत आपले दुखणे नीट सांगता येणे हा एक गुण आहे. सांगितलेले पाळणे आणि धीर न सोडणे हेही आहेत. तेव्हा रोग्यावरही कर्तव्य आहे. ‘काही नाही’ म्हणून तोंड फिरवायचे आणि मग ओळखले नाही म्हणून रुसायचे, हे आप्ताचे वर्तन नव्हे. वेदना खरी असली तरी तिला घराची सत्ता देऊ नये. आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा आपण जाणता. सांडलेले तांदूळ वेचणे हे त्यांचे कायक. एके दिवशी मारय्यांनी गरजेपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत टाकून यायला सांगितले. या कथेचा अर्थ लोभापुरता लावण्याची रीत आहे. पण जोडीदाराला मर्यादा दाखविण्याचा अधिकार प्रेमाला असतो, असाही तिचा अर्थ आहे. ‘तुला दुखते हे मी मानतो, तरीही आज दोघे अंगणापर्यंत चालून येऊ’ असे म्हणणे कठोरपणा नव्हे. त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा असला पाहिजे, इतकेच.

कायक संपले की माणूस आतून विझतो. बाबा आमटे यांना कण्याच्या विकारामुळे कित्येक वर्षे बसता येत नसे. उभे राहणे किंवा आडवे पडणे एवढेच शक्य होते. तशाही स्थितीत त्यांनी १९८५ साली भारत जोडो यात्रा काढली आणि १९९० साली ते नर्मदेकाठी जाऊन राहिले. साधनाताई त्यांच्यासोबत राहिल्या. पुढे ‘समिधा’ या आत्मकथनात त्यांनी या सहजीवनाची हकीकत सांगितली. त्यांच्याइतके मोठे काम आपणांस झेपणार नाही. पण रोग्याच्या हातून भाजी निवडण्याचे, मुलाचा अभ्यास घेण्याचे, हिशेब लिहिण्याचे काम काढून घेऊ नये. ज्या दिवशी जमेल त्या दिवशी जमेल तितके करू द्यावे आणि न जमल्यास टोचून बोलू नये.

शेवटी सेवा करणाऱ्याविषयी. तोही माणूस आहे. त्याला राग येतो, कंटाळा येतो, कधी आपणच पळून जावे असे वाटते. असे वाटणे हे पाप नव्हे. वर्षानुवर्षे झोप मोडलेल्या माणसाला संताप न येता तरच नवल. पण तो संताप रोग्यावर काढण्याऐवजी बहिणीला, दिराला, मित्राला सांगून आठवड्यातून एक दुपार मोकळी मागून घ्यावी. दासोहात ‘मी करतो’ हा भाव गळावा लागतो. आणि ज्याचा ‘मी’ गळला त्याला दुसऱ्याची मदत मागण्याची लाज वाटत नाही. एकट्याने सर्व करण्याचा हट्ट हा पुष्कळदा अहंकाराचाच सुजलेला प्रकार असतो. नातेवाइकांनीही घरी येऊन रोग्याला दहा उपाय सांगण्याऐवजी त्या घरचे एखादे काम करावे.

सद्भक्तहो, जोडीदार वैद्य होऊ शकत नाही आणि त्याने न्यायाधीश तर होऊच नये. त्याने साक्षी व्हावे. साक्षीला रोग बरा करता येत नाही, पण ‘हे घडते आहे, मी पाहतो आहे’ एवढे तो म्हणू शकतो. अनेक रात्री औषध उतरेपर्यंतचा वेळ केवळ तेवढ्या आधारावर निघतो. आपल्या घरी असे दुखणे असेल तर आज रात्री दुखणाऱ्याजवळ पाच मिनिटे बसावे, आज कुठे आणि कसे दुखते ते सांगू द्यावे, मध्ये उपाय सुचवू नये. मग दिवा मालवून दोघांनी शिवस्मरण करावे.

शरणु शरणार्थी.